सूर जमिनीला लागू द्यायचा न्हाय

दोन बँडच्या मधे जी रिकामी वीस मिनिटं असतात ना, ती मला अजिबात सहन होत नाहीत. परवा भाचीच्या हट्टापायी एका कार्यक्रमाला गेले होते. स्टेज एक आणि बँड चार. पहिला बँड गाऊन उतरला, दुसरा चढला, आणि सुरू झालं ते हॅलो चेक, हॅलो चेक. कुणी वायरी ओढतोय, कुणी लोकांकडे पाठ करून गिटारच्या खुंट्या पिळतोय, आणि लोक आपले मोबाईल काढून बसलेत. मी भाचीला म्हटलं, मेला बघ सूर. ती म्हणाली, मावशी, याला चेंजओव्हर म्हणतात. म्हणत असतील. आमच्या मल्लूअण्णांनी हे बघितलं असतं तर ते अनवाणी स्टेजवर चढले असते.

अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि डोकं गरम. माणसं मला सहसा आवडत नाहीत. अण्णा आवडायचे. आता ते नाहीत याचा मला अजून राग येतो.

मल्लिनाथ हे त्यांचं नाव, पण सगळं सोलापूर मल्लूअण्णाच म्हणायचं. बाळीवेशीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, मागेच घर. उंच, किडकिडीत, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि पन्नाशी गाठली तरी स्वतःच्या डोळ्यांना चष्मा नाही. गिऱ्हाईक विचारायचं, अण्णा, तुमचा चष्मा कुठाय? तर म्हणायचे, माझी नजर चांगली हाय ह्यात माझा काय दोष? गाव अक्कलकोटच्या पुढचं. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. पण ते रागावलेले मी फार कमी पाहिले. ती बाजू मी सांभाळायचे.

आमची ओळखच रागातून झाली. मी नंबर काढायला गेले होते. त्यांनी माझ्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवली, एका डोळ्यावर झाकण लावलं, आणि काचा बदलत बदलत विचारू लागले, "आता? आता बरं दिसतंय का?" तीनचार काचा झाल्या आणि माणूस एकदम थबकला. खिशातून मोबाईल काढला, तोंडाशी धरला, आणि कसलीशी चाल गुणगुणायला लागला. मी इकडे एका डोळ्याची होऊन बसलेली. शेवटी ओरडले, अहो, मला आंधळी करून तुमचं गाणं काय चाललंय? ते वळले, माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "अक्का, परत एकदा रागवा की. बरोबर काळी दोनमध्ये रागावता तुमी."

काळी दोन म्हणजे पेटीवरची पट्टी. हे मला कळलं, कारण वडिलांच्या भजनी मंडळात मी लहानपणापासून पेटी वाजवत आले होते. तसं सांगितलं, तर अण्णांनी नंबर काढणं राहू दिलं आणि चहा सांगितला. त्या दिवशी मी दुकानातून निघाले ती चष्मा न घेता, पण बँडमध्ये भरती होऊन.

बँड म्हणजे आम्ही चौघं. अण्णांची एकतारी आणि गळा, माझी पेटी, गॅरेजवाल्या याकूबभाईंचा डफ, आणि श्रीनूची गिटार. श्रीनिवास हा पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या घरातला मुलगा. तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. सुट्टीला माग बंद असले की त्याच्या वडिलांच्या कारखान्यात आमची तालीम चालायची. अण्णांच्या घरून, म्हणजे महादेवीवहिनींकडून, कडक भाकरी आणि शेंगाचटणी यायची. बँडचं नावही त्याच डब्यातून निघालं. कडक भाकरी. अण्णा म्हणाले, ताजी हाय तंवर कुणी विचारत न्हाय, वाळली की पुण्याला पार्सल जाते, आपलंबी तसंच हाय.

पेपरवाल्यांनी एकदा आमच्याबद्दल लिहिताना 'इंडी फोक' असं छापलं. अण्णांनी ते वाचून मला फोन केला. म्हणाले, आपण इंडीचे कवापासून झालो? माझी आत्या दिलीय विजापूरकडच्या इंडीला, पण आपल्याला तितं कुणी बोलवलं न्हाय अजून. मी समजावून सांगितलं, की अण्णा, इंडी म्हणजे कुठल्या कंपनीच्या दावणीला न बांधलेले, आपलं आपण गाणारे. त्यांनी थोडा विचार केला. मग दावं तोडलेला बैल, असं म्हणा की, एवढं बोलून फोन ठेवला.

आता त्यांच्या खुळाबद्दल सांगते. त्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत.

त्यांच्या गावाकडे जत्रेला चार गावच्या भजनी मंडळ्या यायच्या. एक मंडळी जेवायला उठली तरी तिच्यातला शेवटचा माणूस एकतारी घेऊन, सा धरून, उभाच राहायचा. पुढच्या मंडळीतल्या कुणीतरी येऊन तोच सा आपल्या गळ्यात घेतला, एकतारी हातात घेतली, की मग हा खाली बसायला मोकळा. पुढच्यांनी पहिलं गाणं आधीच्यांच्या पट्टीत म्हणायचं, मग पुढं हवं तिकडं जायचं. सूर जमिनीला लागू द्यायचा न्हाय, हा तिथला कायदा. आणि सगळ्यात शेवटची मंडळी? त्यांच्यातल्या एकानं सूर गुणगुणत घरी न्यायचा. वाटेत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. हे कशाला, म्हणून मी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "पाव्हणा असतंय की अक्का तो. पाव्हण्याला रस्त्यात सोडून घरी येता व्हय तुमी?"

हा कायदा त्यांनी सरळ आणून बसवला तो आजकालच्या पोरांच्या कार्यक्रमात. एका स्टेजवर तीन बँड, चार बँड, सगळ्यांच्या पायाशी ती बटणांची पेडलं, कानात यंत्रं, आणि मधे हा विभूती लावलेला माणूस एकतारी छेडत उभा. हलायला तयार नाही. पहिल्यांदा आयोजकांना वाटायचं, म्हाताऱ्याला उतरायचं कळत नाही. पण पोरं चांगली असतात हो. कोल्हापूरच्या एका मुलीनं हातातलं छोट्या गिटारीसारखं युकुलेली वाजवत तो सा असा अलगद उचलला, की समोरची गर्दी गप्प झाली. मग करमाळ्याला, पंढरपूर रोडच्या एका कॉलेजात, हळूहळू पोरं आपणहून विचारायला लागली, अण्णा, पट्टी कुठली? दोन बँडमधली ती मढ्यासारखी शांतता आमच्या कार्यक्रमात नसायचीच.

आम्ही शेवटी असलो तर अण्णा स्कूटरवरून गुणगुणत घरी. एकदा सात रस्ता चौकात पोलिसानं अडवलं. लायसन मागितलं, तर अण्णांनी लायसन दिलं, कागद दिले, हात जोडले, आणि सगळा वेळ म्म्म् चालूच. पोलिसानं तोंडाचा वास घेतला, कानाजवळ टाळी वाजवून बघितली, आणि शेवटी बिचारा म्हणाला, जा बाबा, सांभाळून जा. घरी वहिनी दारात तांब्या घेऊन उभ्या. पाणी पिऊन झालं की पहिला शब्द ठरलेला, "जेवलीस का?" वहिनी सांगायच्या, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या एका शब्दासाठी मी अजून जागी राहते.

श्रीनूवर अण्णांचा जीव होता. दोघांनी मिळून कारखान्यात बसून एक गाणं बांधलं होतं. 'उभा धागा तुझा राजा, आडवा धागा माझा.' तालमीत श्रीनू नवी जागा घ्यायचा आणि अण्णांकडे बघायचा. अण्णा डोळे मिटून म्हणायचे, आता बरं दिसतंय. गाण्याला दिसतंय कसं म्हणायचं, हे व्याकरण त्यांचं त्यांना माहीत.

आणि ह्याच पोराशी बार्शीला बिनसलं. कॉलेजचा कार्यक्रम, भर दुपार. आमच्यानंतर मुंबईकडचा एक बँड होता. त्या दिवशी अण्णांनी एकतारी श्रीनूच्या हातात दिली आणि म्हणाले, आज तू धर. आम्ही तिघं उतरलो. श्रीनू एकटा सा धरून उभा. त्या मुंबईवाल्यांच्या कानात यंत्रं, त्यांना बाहेरचं काही ऐकूच येईना. ते आपले बटणं दाबतायत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. पोरं मोबाईल धरून हसायला लागली. अण्णा खालून हातानं खुणा करत होते, धर, सोडू नको. श्रीनूचं तोंड लाल झालं होतं. त्यानं एकतारी स्टेजवर आडवी ठेवली आणि उतरून निघून गेला.

अण्णा वर चढले, एकतारी उचलली, आणि तो बँड सुरू होईपर्यंत स्वतः उभे राहिले. तो बँड सुरू झाला तोही भलत्याच पट्टीत.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. कुर्डुवाडीकडचा फाटा गेल्यावर श्रीनूच म्हणाला, "लोक हसत होते अण्णा, आणि तुम्ही खालून हात करत होता. तुमचा सूर तुम्हीच वाहा. मी हमाल नाही त्याचा." मी तोंड उघडणार होते, पण अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला. आपल्याजवळची पाण्याची बाटली त्यांनी श्रीनूपुढे केली. त्यानं घेतली नाही.

पुढच्या महिन्यात त्याला पुण्यात नोकरी लागली. आईवडीलही माग विकून त्याच्याकडे गेले. वर्षा-दोन वर्षांत नोकरी सुटली आणि त्यानं तिथं काढलेला बँड मोठा झाला. नाव ठेवलं, 'आडवा धागा'. मी तर पेटले. आपलं गाणं उचललं आणि वर नाव पण! अण्णा मात्र दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला मोबाईलवर त्याची गाणी ऐकवायचे. मला म्हणाले, नाव आपल्यातलं ठेवलंय म्हंजे विसरला न्हाय की. मी म्हटलं, मग फोन करा ना त्याला. तेव्हा ते एक काच पुसायला लागले.

"चूक माझी हाय अक्का. नंबर काढलाच न्हाय मी पोराचा. माझ्याच नंबरची काच त्याला घातली आणि वरनं विचारलालोय, बरं दिसतंय का."

एवढं म्हणाले, पण फोन काही केला नाही. श्रीनूनंही केला नाही. अशी पाच-सहा वर्षं गेली.

मग अण्णांचा आवाज बसू लागला. आधी आम्ही आलं-मध करत बसलो. शेवटी मिरजेला दाखवलं. गळ्यात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तारीख ठरली. तोपर्यंत फार बोलू नका, असंही बजावलं. आणि नेमका त्याच आठवड्यात श्रीनूच्या बँडचा सोलापुरात कार्यक्रम लागला. शहरातल्या कॉलेजच्या पोरांनी होटगी रोडच्या एका मंगल कार्यालयाचं लॉन घेतलं होतं. आधी कडक भाकरी, मग आडवा धागा, दोनच बँड. पोस्टरवर श्रीनूचं नाव हे एवढं मोठं, आणि आमचं खाली, मुंगीच्या अक्षरात. मी पोरांना झापायला निघाले होते. अण्णा हसले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, असू दे की, लोकांनी बारीक वाचलं तरच माझं दुकान चालतंय.

वहिनी नको म्हणत होत्या. मीही नको म्हटलं. गाण्यानं गळ्याला आणखी काही झालं तर? अण्णांचं एकच, की गाणं जाणार ते जाणार, पण एकदा त्याच्या हातात एकतारी द्यायचीय, मग काय बी होऊ दे. मग त्याला गाठीचं सांगते, म्हणजे तो नक्की घेईल, असं मी म्हटल्यावर मात्र त्यांनी मला आणि याकूबभाईंना शपथ घातली. कीव येऊन घेतलेला सूर त्यांना नको होता. घेतला तर त्यानं आपल्या मनानं घ्यायचा, नाहीतर राहिलं.

रविवारची दुपार. रात्री तिथंच कुणाचं तरी रिसेप्शन असल्यामुळे सगळं उन्हं उतरायच्या आत आटपायचं होतं. श्रीनूची माणसं टेम्पो ट्रॅव्हलरमधून आली. श्रीनू उतरला, दाढी वाढवलेली, कानात बाळी. आम्हाला बघून दुरून हात जोडले आणि नवरीच्या खोलीत गेला. कलाकारांची खोली तीच होती. अण्णा नुसते बघत राहिले.

अण्णा तीन गाणी गायले. कसे गायले ते मला विचारू नका. मी पेटीकडे बघत होते, वर बघितलंच नाही. तिसरं संपलं आणि रिवाजाप्रमाणे मी नि याकूबभाई उतरलो. अण्णा उभे राहिले. डोळे मिटून, एकतारी छेडत, काळी दोनचा सा. आजूबाजूला श्रीनूची पोरं वायरी पसरत होती, अण्णांच्या पायांजवळून वाट काढत होती. गळ्यात पट्टा अडकवलेली आयोजक मुलगी मला विचारायला आली, काका उतरणार नाहीत का? मी तिच्याकडे असं बघितलं की ती परत गेली.

सा बारीक होत चालला होता. मग खोकला आला. अण्णांनी तो दाबला, पुन्हा सूर धरला. पुन्हा खोकला. आणि तुटला. इतक्या वर्षांत मी तो सूर तुटलेला कधी ऐकला नव्हता. एकतारी वाजत होती, पण ओठांतून नुसती हवा. माझी पेटी खोक्यात बंद, आणि खोक्याचा खटका निघेना. देवा, मी म्हटलं, हे बघायला आणलंस होय मला.

आणि नवरीच्या खोलीतून सा आला. माईक नाही, काही नाही. काळी दोनच. श्रीनू सूर धरून बाहेर आला, वायरी ओलांडत स्टेजवर चढला, आणि अण्णांच्या समोर उभा राहिला. एकतारीला हात लावला. अण्णांनी पटकन सोडली नाही. क्षणभर दोघांचे हात तिच्यावर. मग सोडली.

मी याकूबभाईंना विचारलं, मधे तुटला होता ना हो? जमिनीला लागला का सूर? ते डोळे पुसत म्हणाले, "नै गिरा अक्का. उने झेल लिया."

श्रीनूनं आपल्या गिटारवाल्याला बोटांनी पट्टी दाखवली. तो चक्रावला, पण बिचाऱ्यानं गिटारच्या मानेवरची, पट्टी बदलायची पकड काढून खाली सरकवली. पहिलं गाणं त्यांचं सगळ्यात गाजलेलं. पुढच्या रांगेतल्या मुली नेहमीच्या पट्टीत ओरडायला लागल्या आणि फसल्या. श्रीनू मात्र खाली, आमच्या पट्टीत. अण्णा माझ्या शेजारी खुर्चीवर बसून बोटांनी गुडघ्यावर ठेका धरत होते.

उन्हं उतरली, श्रीनूचं शेवटचं गाणं संपलं, टाळ्या झाल्या. लॉनवर लगेच रिसेप्शनची माणसं फुलांच्या कमानी घेऊन आली. श्रीनू स्टेजवरून उतरला, पण ओठांवर सा तसाच. मुली सेल्फीला आल्या, त्यानं सेल्फी दिले, गुणगुणतच. कुणी विचारलं, पुढचा शो कधी? तो नुसता मान हलवतोय. त्याचा मॅनेजर गाडीचं दार उघडून हाका मारत होता. सगळ्यांना वाटलं, हा काय मोठेपणा! आमच्या तिघांना तेवढं कळलं. शेवटचा बँड त्याचा होता. आता सूर घरी न्यायचा होता, आणि सोलापुरात तर त्याचं घरच उरलं नव्हतं.

तो गाडीपर्यंत गेला, मॅनेजरच्या खांद्यावर थोपटलं, आणि पुढे निघून आला. अण्णांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसला. एकतारी मांडीवर. अण्णांनी किक मारली. एकाला बोलायची बंदी डॉक्टरांची, दुसऱ्याला रिवाजाची. दोघांत एक शब्द झाला नाही.

महिन्याभरानं मी मिरजेला जाऊन अण्णांना बघितलं. गळ्याला भोक, हातात पाटी. पुढं गाठ पसरली आणि ते गेले. तेही मी बघितलं. पण ते दर्शन मी धरत नाही. माझ्यासाठी शेवटचे अण्णा सात रस्त्याच्या सिग्नलवरचे.

मी स्कूटीवर पेटी बांधून घरी निघाले होते. लाल दिवा होता. शेजारी येऊन थांबली ती त्यांचीच स्कूटर. मागे श्रीनू, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी, आणि सा चालू. रिक्षावाले माना बाहेर काढून बघत होते. अण्णांनी मला बघितलं. त्यांनी हँडलवरचा हात उचलला, दोन बोटं डोळ्यासमोर नेली, आणि फ्रेममधली काच काढून दुसरी घालावी तशी हवेतच घातली. मग भुवया उंचावून विचारलं. दुकानात विचारायचे तसंच.

मला समोरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तरी मी जोरजोरात मान हलवली, की हो अण्णा, दिसतंय, एकदम स्वच्छ दिसतंय. हिरवा दिवा लागला, आणि सूर मागे बसवून अण्णा बाळीवेशीकडे वळले. तिथं दारात वहिनी तांब्या घेऊन उभ्या असणार होत्या.